एक रुपयाही न लागणारी, रोजच्या कामाची चार साधनं

चकलांबा, गेवराई आणि आसपासच्या मंडळींनो, ही पोस्ट सेव्ह करून ठेवा. 👇

१) फायरफॉक्स: मोझिलाचा ब्राउझर, मराठीतही चालतो. अँड्रॉइडवर मेनूतल्या ॲड-ऑन्समधून ‘यूब्लॉक ओरिजिन’ टाका. कापसाचे भाव बघताना मध्येच उघडणाऱ्या जाहिराती आणि ‘डाउनलोड’ लिहिलेली खोटी बटणं बहुतेक गायब होतात. नेटही वाचतं.

२) सिग्नल: देणग्यांवर चालणारं मेसेजिंग ॲप. जाहिराती नाहीत. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही मेसेज वाचता येत नाही.

३) वर्डप्रेस: २००३ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर. बचत गटाची उत्पादनं असोत की यात्रेची माहिती, स्वतःची साइट मोफत उघडता येते. फक्त मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधलं मराठी गुगलला सापडत नाही.

४) मराठी विकिपीडिया: हाही २००३ पासूनचा. आपल्या गावाच्या लेखात कुणीही भर घालू शकतं, पण प्रत्येक माहितीला छापील किंवा विश्वासार्ह संदर्भ द्या.

⚠️ आता महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली, तर नावाचा शेवट बघा. तिथे ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. इन्स्टॉल केलं की ओटीपी चोराच्या हातात. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नका, त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो.

पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब सायबर हेल्पलाइनचा १९३० हा नंबर लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.