जुन्या जीपला डिफरेन्शियल लॉक बसवताना



पावसाळा तोंडावर आला की कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "आमची जुनी जीप फोर-व्हील आहे, तरी शेतरस्त्यावर रुतते. बाहेरून लॉक विकत घेऊन बसवला तर चालेल का?" उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, चालेल. पण कोणता लॉक, कोण बसवणार आणि बसवल्यावर गाडी कशी हाकायची, हे ठरवल्याशिवाय पैसे घालवू नका.

आपल्या भागाची अडचण निराळी आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. ज्यांची शेती उरली, त्यांची जीप एकाच फेरीत दोन दुनिया पाहते. सकाळी ती खाचराच्या बांधाला लागून चिखलातून निघते आणि थोड्याच वेळात काकडी-शिराळ्यांच्या पाट्या घेऊन शीव-पनवेल महामार्गावर वाशीच्या बाजार समितीकडे धावते. चिखलात जो लॉक तारतो, तोच ओल्या डांबरावर मारूही शकतो. म्हणून दोन्हींचा विचार हवा.

गाडी रुतते का?

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टने मागच्या गोळ्यात येते. तिथे पिनियन क्राऊनला फिरवते. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात लहान स्टार गिअर असतात, आणि त्यांच्यामार्फत ताकद दोन्ही ॲक्सलच्या दांड्यांना जाते. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. स्टार गिअरमुळे दोन्ही चाके आपापल्या चालीने फिरू शकतात. हेच डिफरेन्शियल.

पण त्यात एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तोही कमी पकडीच्या चाकाला पेलेल तेवढाच. समजा, चिखलातले चाक फक्त २० किलोचा रेटा घेऊ शकते आणि मुरुमावरचे चाक ३०० किलोचा. साध्या डिफरेन्शियलमध्ये दोघांना वीस-वीस, म्हणजे एकूण ४० किलो मिळतात. मुरुमावरचे धड चाक उभे राहते आणि चिखलातले गरगरते. लॉक लावला की दोन्ही दांड्या एक होतात आणि २० अधिक ३०० असा ३२० किलोचा रेटा मिळतो. लॉक इंजिनची ताकद वाढवत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही.

फोर-व्हील लावल्यावर पुढच्या ॲक्सलला ताकद जाते खरी, पण तिथेही हीच खोड. पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की चार चाकांची गाडी जागीच बसते. ट्रॅक्टरला लॉकचा पेडल असतो, तो आपण चिखलात दाबतो आणि वळायच्या आत सोडतो. जीपच्या लॉकचे काम तेच.

आधी हे तपासा

लॉक घेण्याआधी चार गोष्टी पाहा. टायरची नक्षी झिजली आहे का? पुढचे हब खरोखर जोडले जातात का? लो गिअर लागतो का? चिखलात टायरची हवा १८ पौंडांपर्यंत उतरवून पाहिली का? हवा उतरवली तर डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरलीच पाहिजे. अनेकांची अडचण एवढ्यावरच मिटते आणि लॉकचे पैसे बियाण्याला उरतात.

लॉकचे प्रकार

१. आपोआप लागणारा लॉक. हा जुन्या पिंजऱ्यात स्टार गिअरच्या जागी बसतो. क्राऊन-पिनियनची जुळणी बहुधा बदलावी लागत नाही, म्हणून बसवायला सोपा. जोर दिला की लागतो, वळणावर सुटतो. सुटताना कटकट आवाज येतो. ओल्या रस्त्यावर वळताना अचानक ॲक्सिलरेटर दिला तर गाडीची शेपटी घसरू शकते.

२. हवा, वीज किंवा केबलने लावायचा लॉक. यात पूर्ण पिंजरा बदलतो. हवेच्या प्रकाराला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर लागतो. खर्च आणि काम दोन्ही जास्त. पण चिखलात लावता येतो आणि रस्त्यावर सोडता येतो. ज्यांची गाडी रोज महामार्गावर जाते, त्यांना हाच बरा.

३. स्टार गिअर वेल्डिंग करून टाकणे. हे करू नका! गेल्या पावसाळ्यात पनवेल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने खर्च वाचवायला हे केले. चिखलातून गाडी झकास निघाली. तिसऱ्या दिवशी पावसात वळणावर मागची बाजू सरकली आणि जीप नाल्याच्या कठड्याला टेकली. आत तो आणि त्याचा मुलगा होता. दोघे वाचले. गाडी उचलून पाहिली तेव्हा एक ॲक्सल तुटलेला होता. वेल्डिंग केलेला लॉक कधी सुटत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणावर टायर फरफटतात आणि ॲक्सलला पीळ बसतो.

लॉक एकच बसवायचा असेल तर मागच्या ॲक्सलला बसवा. चढावर आणि माल भरल्यावर वजन मागेच येते. पुढच्या ॲक्सलचा लॉक लागला की स्टीअरिंग जड होते.

मापे घेतल्याशिवाय माल घेऊ नका

जुन्या जीपांचे ॲक्सल वरून सारखे दिसतात, आतून नसतात. कव्हर उघडून तीन गोष्टी वहीत लिहा: ॲक्सलची जात, दांडीवरच्या खाचा किती, आणि क्राऊन व पिनियनचे दात किती. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतील तर ४३ भागिले ८, म्हणजे प्रमाण सुमारे ५.३८ झाले. पुढचे आणि मागचे प्रमाण सारखेच हवे. पिंजरा कोणता बसेल हेही या प्रमाणावर ठरते.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहून काय पाहाल?

१. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना उटी, आणि वजन घोड्यावर. नुसत्या जॅकवर काम नको.

२. जुने तेल काढून निरखा. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. लोखंडाचे तुकडे दिसले तर आधी बेअरिंग आणि दात तपासा. झिजलेल्या गोळ्यात नवा लॉक घालणे म्हणजे पैसे चिखलात टाकणे.

३. बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी डावी-उजवी अशी खूण करा. पातळ चकत्या, म्हणजे शिम, ज्या बाजूच्या त्या बाजूलाच ठेवा.

४. काही जुन्या जीपमध्ये मागच्या दोन दांड्यांच्या मध्ये एक ठोकळा असतो. तो विसरला तर ॲक्सलचा खेळ बिघडतो. नव्या लॉकमध्ये त्याची सोय आहे का, ते खरेदीच्या वेळीच विचारा.

५. पिंजरा बदलला तर क्राऊन आणि पिनियनमधला खेळ डायल गेजने मोजलाच पाहिजे. बहुतेक जीपमध्ये तो एक-दोन कागदांच्या जाडीएवढाच असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. मग दातांना रंग लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा. डायल गेज नसलेल्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका. अंदाजाने बसवलेला क्राऊन आधी रडतो, मग तुटतो.

६. क्राऊनचे बोल्ट ठरलेल्या जोराने, टॉर्क पान्यानेच आवळा. नवे सील आणि नवे गिअर ऑईल घाला. हवेची नळी सायलेन्सरपासून लांब न्या. ॲक्सलची श्वासनळी मोकळी ठेवा.

चाचणी

इंजिन बंद, पुढच्या चाकांना उटी, मागची दोन्ही चाके उचललेली, गाडी पहिल्या गिअरमध्ये. आता एक चाक हाताने फिरवा. लॉक सुटलेला असेल तर दुसरे चाक उलटे फिरेल. लागलेला असेल तर चाक हलणार नाही. ही चाचणी सोडता येणाऱ्या लॉकसाठी आहे. आपोआप लागणाऱ्या लॉकची चाचणी त्याच्या पुस्तकाप्रमाणे करा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल बदला आणि त्यात चुरा आहे का ते पाहा.

हाकताना

लॉक रुतण्याआधी लावा, रुतल्यावर नव्हे. चाक गरगरत असताना कधीच लावू नका, आधी थांबा. लॉक लागलेला असताना सारा जोर एकाच दांडीवर येऊ शकतो, म्हणून हळू आणि सरळ चला. डांबर दिसले की प्रथम लॉक सोडा, मग फोर-व्हील काढा.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काम करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीला लेखी विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. अपघात झालाच तर तोंडी होकाराला किंमत नसते.

थोडक्यात ध्यानात ठेवा: आधी टायर आणि हब, मग लॉक. घ्यायचाच तर सोडता येणारा घ्या आणि गेज असलेल्या मिस्त्रीकडूनच बसवा. वेल्डिंग नकोच. लावणीच्या घाईत आवणाच्या मुठी वेळेवर खाचरात पोचल्या पाहिजेत हे खरे, पण त्या पोचवणारा माणूसही संध्याकाळी घरी पोचला पाहिजे.

काही शंका असल्यास गाडीचे वर्ष, दातांचा आकडा आणि खाचांचा आकडा लिहून कार्यक्रमाला पत्र पाठवा.