समाजआरतीतील तक्रार : एका संदेशव्यवस्थेचा विचार

मोठ्या संघटनेत वरून खाली येणारी आज्ञा सहज पोचते; खालून वर जाणारी तक्रार मात्र बहुधा वाटेतच विरते. या दृष्टीने श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यातील समाजआरती अभ्यसनीय ठरते. हैबतबाबा आरफळकर यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्यास जी शिस्त घालून दिली, तिचे हे अंग नातेपुते येथील मुक्कामीही पाहावयास मिळते.

पालखी तळावर आली म्हणजे दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळांचा गजर चालू असतो. चोपदारांनी दंड उंचावताच सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात व गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि दुसऱ्या दिवशी निघण्याच्या वेळेची घोषणाही येथेच होते, मग आरती.

येथे तक्रारीचे चिन्ह शब्द नसून नाद आहे. चिन्हाचे मूल्य भेदावर अवलंबून असते, हा सोस्यूरचा १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला सिद्धान्त येथे प्रत्ययास येतो. क्षणापूर्वी भजनाचा भाग असलेला टाळ, सर्वत्र शांतता होताच, तक्रारवाचक बनतो. तक्रारीस नेमकी वेळ मिळते, ती सर्वांसमक्ष होते, आणि ऐकणाराच तक्रारदाराकडे चालत जातो. कार्यालयात याच्या उलट तक्रारदारास आपल्या अर्जामागे हिंडावे लागते. तेव्हा केवळ तक्रारपेटी ठेवून भागत नाही. इतरांनी क्षणभर आपला टाळ थांबविणे ही ऐकण्याची पहिली अट होय.