सातचं काय घेऊन बसलात?

कुठल्याही प्रशिक्षणवर्गाला जा, तासाभरात ती स्लाइड येतेच. माणसाच्या डोक्यात एका वेळी सातच गोष्टी मावतात, म्हणून एका पानावर सातपेक्षा जास्त मुद्दे नकोत. खाली आधार दिलेला असतो: मिलर, १९५६. आता पानावरचे मुद्दे समोर दिसतच असतात, पाठ करायचे नसतात. मग स्मरणशक्तीच्या मर्यादेचा इथं संबंध काय, हे कुणी विचारत नाही. आणि तो लेखही कुणी वाचलेला नसतो.

जॉर्ज मिलर हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ. १९५५ साली त्याला एक व्याख्यान द्यायचं होतं आणि हाताशी होती एकमेकांशी फारसा संबंध नसलेली दोन कामं. दोन्हींत सातच्या आसपासचा आकडा दिसत होता, तेव्हा त्यानं गमतीनं त्याच धाग्यात ती ओवली. पुढच्या वर्षी ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये तेच छापून आलं. सुरुवातीलाच तो सांगतो, की हा आकडा हात धुऊन माझ्या मागे लागलाय. थट्टा लोकांनी सिद्धान्त म्हणून उचलली.

पहिलं काम ओळखण्याचं. वेगवेगळ्या पट्टीतले सूर एकेक करून ऐकवायचे आणि हा कितवा ते विचारायचं. पाच-सहाच्या पुढे माणसं गोंधळतात. दुसरं काम आकडे ऐकून लगेच म्हणून दाखवण्याचं. तिथंही साधारण सात. पण दोन्ही मर्यादा एका जातीच्या नाहीत, हाच तर लेखाचा गाभा! पहिली मर्यादा माहितीच्या मापानं, म्हणजे बिटमध्ये मोजता येते. दुसरी येत नाही, ती ‘चंक’मध्ये मोजावी लागते. चंक म्हणजे जुडी. १९४७१९६०१९८३ हे बारा आकडे सुटे धरले तर डोक्याबाहेर सांडतात. स्वातंत्र्य, महाराष्ट्राची स्थापना आणि कपिलचा विश्वचषक अशा तीन जुड्या बांधल्या की संपलं. सिडनी स्मिथ नावाच्या संशोधकानं शून्य आणि एक यांच्या जुड्या बांधायचा सराव करून असे चाळीस आकडे न चुकता म्हणून दाखवले होते. तेही मिलरच्या त्याच लेखात आहे! आणि शेवटी मिलर स्वतःच म्हणतो, की दोन्हीकडे सात येणं हा बहुधा निव्वळ योगायोग.

बरं, सात तरी पक्के का? मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवननं २००१ मध्ये अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. मनात घोकायला आणि जुड्या बांधायला वाव ठेवला नाही, तर आकडा चारच्या घरात येतो.

अमेरिकेत फोन नंबर सात आकडी झाले ते मिलरमुळे, ही आणखी एक लोणकढी. न्यूयॉर्कचे नंबर अक्षरं धरून १९३० सालीही सात खुणांचेच होते. मिलर तेव्हा दहा वर्षांचा होता. आपला मोबाइल नंबर तर दहा आकडी, आणि तो आपण पाच-पाचच्या जुडीत बिनचूक सांगतो.

याच घराण्यातले आणखी काही गैरसमज, थोडक्यात. बोधनिक मानसशास्त्र, म्हणजे स्मृती-विचारांचा अभ्यास करणारी मिलरची शाखा, अमेरिकेत संगणकासोबत जन्मलं? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटचं स्मृतीवरचं पुस्तक १९३२ चं आहे, आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस १८८५ च्या आधीच स्वतःवर प्रयोग करत निरर्थक शब्दखंड पाठ करत बसला होता. फक्त दिसणारं वर्तनच अभ्यासा म्हणणाऱ्या वर्तनवाद्यांनी मनाचं नावच टाकलं होतं? मानसशास्त्रज्ञ टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवायचा, आणि १९४८ साली त्यानं उंदरांच्या डोक्यातल्या नकाशांवर लिहिलं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं १९५९ च्या एका परीक्षणात वर्तनवादी स्किनरला संपवलं? स्किनरच्या परंपरेतलं संशोधन आणि त्या संशोधनाचं नियतकालिक आजही चालू आहे. आणि या शाखेला नाव मिळालं ते मिलरमुळे नव्हे, उलरिक नायसरच्या १९६७ च्या पुस्तकामुळे. नऊच वर्षांनी त्याच नायसरनं दुसरं पुस्तक लिहून या शाखेची कानउघाडणी केली, की प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या कोड्यांत रमू नका, माणसं रोजच्या जगण्यात काय पाहतात, काय आठवतात ते बघा.