एकट्याच्या नावाची तबकडी

बेंगळुरूच्या यशवंतपूर रेल्वे स्थानकापासून काही किलोमीटर अंतरावर पॅलेस ग्राउंड्स हे विस्तीर्ण मैदान आहे. १७ मार्च २००७ रोजी या मैदानावर ‘आयर्न मेडन’ या इंग्लंडमधील प्रसिद्ध रॉक बँडचा कार्यक्रम झाला. त्या बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याने १९९० मध्ये, बँडमध्ये असतानाच, स्वतःच्या नावाने एक अल्बम काढला होता. पुढे १९९३ मध्ये त्याने बँड सोडला आणि १९९९ मध्ये तो परत आला. बेंगळुरूच्या श्रोत्यांनी ऐकला तो हा परतलेला गायक. नावलौकिक, पैसा आणि साथीदार हे सारे हाताशी असताना एखादा कलावंत वेगळी वाट का चोखाळतो? आणि त्या वाटेवर त्याच्या हाती काय लागते?

त्यासाठी आधी बँड म्हणजे काय, हे समजून घ्यावे लागेल. मराठी भावगीतात कवी वेगळा, संगीतकार वेगळा आणि गायक वेगळा असतो. प्रत्येकाचे काम ठरलेले असते. आज एका संगीतकाराकडे गाणारा गायक उद्या दुसऱ्याकडे गातो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. रॉक बँडची घडण निराळी असते. तेथे चार-पाच जण एकत्र येतात. कोणी गिटार वाजवतो, कोणी बास गिटार, कोणी ड्रम, तर कोणी गातो. गाणी बहुधा तेच लिहितात, चाली तेच बांधतात आणि वाजवतातही तेच. गाणे वादावादीतून आणि तडजोडीतून आकाराला येते व सर्वांच्या सामाईक नावाने प्रसिद्ध होते. आपल्याकडील भजनी मंडळाशी याचे थोडे साम्य आहे. मात्र भजनी मंडळ संतांचे अभंग गाते, त्यामुळे ‘हा अभंग कोणाचा’ असे भांडण तेथे उद्भवत नाही. बँडमध्ये ते हटकून उद्भवते.

‘अल्बम’ या शब्दाची कथाही मनोरंजक आहे. पूर्वी लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे संगीत मावत असे. म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर मुद्रित करून त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बाडात घालून विकत. त्या बाडाला अल्बम म्हणत. तबकड्या बदलल्या, कॅसेट आली नि गेली, नाव मात्र टिकले. बँडमधील एखादा कलावंत असा गीतसंग्रह बँडच्या नावाने न काढता केवळ स्वतःच्या नावाने काढतो, तेव्हा त्याला एकल अल्बम म्हणतात.

अशा अल्बमच्या एका कर्त्याच्या संगीताचे प्राथमिक धडे महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गिरवले गेले, हे अनेकांना ठाऊक नसते. फारुख बलसारा हा पारशी मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर जन्मला. आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत धाडले. घरापासून समुद्रापार असलेल्या या शाळेत तो पियानो शिकला. १९५८ च्या सुमारास त्याने व त्याच्या मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. विशेष म्हणजे त्या बँडचा मुख्य गायक तो नव्हता. तो पियानोवर बसे. पुढे जगाला ज्याच्या आवाजाने वेड लावले, तो मुलगा पहिल्या बँडमध्ये दुसऱ्याच्या गाण्याला साथ करत होता. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ हा बँड उभारला, तर जॉन डीकन १९७१ मध्ये येऊन मिळाला. फारुखचे नाव आता फ्रेडी मर्क्युरी झाले होते.

क्वीनचे चारही सदस्य गाणी रचत. हे त्या बँडचे बळ होते आणि कलहाचे कारणही. ज्याने गाणे रचले त्याचे नाव त्या गाण्यावर छापले जाई व रचनेचे मानधन त्यालाच मिळे. १९७५ मध्ये फ्रेडीचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे विलक्षण गाजले. त्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचे एक गाणे होते. तबकडी घेतली जाई ती पुढच्या गाण्यासाठी. पण खपाच्या हिशेबात दोन्ही बाजूंना सारखेच मोल असल्याने टेलरलाही फ्रेडीइतकेच मानधन मिळाले. असल्या हिशेबांवरून चौघांत वर्षानुवर्षे खटके उडत. अखेर १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून सारी गाणी चौघांच्या सामाईक नावाने देण्याचे ठरले. हा शहाणपणा सुचायला त्यांना जवळजवळ दोन दशके लागली!

या मधल्या काळातच एकल अल्बमचा प्रसंग येतो. टेलरने १९८१ मध्ये आणि ब्रायन मे याने १९८३ मध्ये आपापले स्वतंत्र मुद्रण प्रसिद्ध केले होते. फ्रेडीने जर्मनीतील म्युनिक शहरात, क्वीनच्या दौऱ्यांतून सवड काढत, सुमारे दोन वर्षे काम करून ‘मिस्टर बॅड गाय’ हा अकरा गाण्यांचा अल्बम पूर्ण केला. २९ एप्रिल १९८५ रोजी तो बाजारात आला. क्वीनच्या संगीतात ब्रायन मे याच्या गिटारला मानाचे स्थान होते. येथे ती गिटारच नव्हती. तिच्या जागी विजेवर चालणारी स्वरवाद्ये आणि नृत्याला साजेसा ठेका होता. शीर्षकगीताला तर पूर्ण वाद्यवृंदाची साथ होती. फ्रेडीने अल्बम आपल्या मांजरांना अर्पण केला आणि आभार मानताना, लुडबूड न केल्याबद्दल बँडमधील तिन्ही मित्रांचे खास आभार मानले. या थट्टेत बरेच काही येऊन जाते.

इंग्लंडमध्ये हा अल्बम विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. अमेरिकेत त्याला फारसे कोणी विचारले नाही. अडवणारे कोणी नसले की कलावंताला हवे ते करता येते, हे खरे. पण ‘हे कडवे कच्चे आहे’ असे तोंडावर सांगणाराही मग जवळ नसतो. या अल्बममधील काही गाण्यांत ती उणीव जाणवते. आवाज मात्र कोठेही उणा नाही.

त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. सुमारे ७२ हजार श्रोत्यांसमोर क्वीनला साधारण वीस मिनिटे मिळाली. नवा अल्बम ताजा असूनही फ्रेडीने त्यातील एकही गाणे त्या वेळात गायले नाही. गायली ती सारी क्वीनची गाणी, आणि तो कार्यक्रम रॉक संगीताच्या इतिहासात अविस्मरणीय ठरला.

एड्समुळे उद्भवलेल्या न्यूमोनियाने २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीचे निधन झाले. त्याने अखेरच्या दिवसांत मुद्रित केलेली गाणी पूर्ण करण्याचे काम उरलेल्या तिघांनी हाती घेतले. पण तेवढ्याने अल्बम पुरा होईना. तेव्हा त्यांनी ‘मिस्टर बॅड गाय’मधील दोन गाणी निवडली. म्युनिकमध्ये मुद्रित झालेला फ्रेडीचा आवाज त्यांनी तसाच ठेवला आणि भोवतीचे संगीत काढून टाकून आपली गिटार, बास व ड्रम नव्याने वाजवले. ज्या गाण्यांत लुडबूड न केल्याबद्दल त्यांचे आभार मानले गेले होते, त्यांतच दहा वर्षांनी त्यांनी साथ दिली. १९९५ मध्ये हा अल्बम निघाला तेव्हा त्याला नाव दिले गेले ते या दोहोंपैकी एका गाण्याचे, ‘मेड इन हेवन’. कलावंत म्हणून वेष्टनावर छापलेले नाव होते क्वीन.