खाड्यांच्या काठाने: भिवंडी ते रेडी सायकलवर

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली कोकणपट्टी साधारण 30 ते 60 किलोमीटर रुंद आहे. फक्त उल्हास नदीच्या खोऱ्यात ती शंभरीच्या जवळ जाते. भिवंडी याच खोऱ्यात वसली असल्यामुळे इथून सायकल काढणाऱ्याला सुरुवातीचा रस्ता बराचसा सपाट लागतो. दक्षिणेकडे जाऊ तसे कोकण निमुळते होते आणि सपाटी संपते.

कोकणचा चढ म्हटले की वरंधा, कुंभार्ली, आंबोली असे घाट आठवतात. पण किनाऱ्याने जाणाऱ्याचे पाय थकवतात ते घाट नव्हेत. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या लांबीला तोकड्या आणि वेगाने वाहणाऱ्या आहेत. समुद्राला मिळताना त्या रुंद खाड्या करतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे पठार उभे असते, त्याला तिथे सडा म्हणतात. म्हणजे रस्ता एका खाडीपाशी समुद्रसपाटीला येतो, पलीकडे सड्यावर चढतो आणि लगेच पुढच्या खाडीकडे उतरतो. ऐंशी मीटरचा चढ कागदावर किरकोळ वाटतो. दिवसातून असे आठ चढ आले की बेरीज 640 मीटर होते, आणि पायथ्यापासून आंबोली चढताना साधारण तेवढीच उंची गाठावी लागते. फरक एवढाच की घाटात चढ एकसलग असतो, श्वास आणि गती यांची लय बसते. किनाऱ्यावर ती लय बसते न बसते तोच उतार येतो.

भिवंडीतून बाहेर पडणे हे वेगळेच प्रकरण आहे. मानकोली, काल्हेर, पूर्णा, पडघा या पट्ट्यातल्या गोदामांमुळे कंटेनर आणि ट्रेलर रात्रंदिवस धावतात, त्यामुळे सायकलस्वाराने उजाडायच्या आत शहर सोडलेले बरे. उत्तरेकडचा वाडा रस्ता अंबाडी नाक्यापर्यंत वर्दळीचा आहे. तिथून डावीकडे वज्रेश्वरी आणि गणेशपुरी लागतात. तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडे आणि चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेशी जोडलेले वज्रेश्वरीचे मंदिर यांमुळे ही वाट सायकलस्वारांच्या सकाळच्या फेरीत ठरलेली असते. वज्रेश्वरीहून पारोळमार्गे शिरसाड फाट्याला जाताना तुंगारेश्वरचे डोंगर सोबतीला राहतात. अहमदाबाद महामार्ग ओलांडला की विरार आणि अर्नाळ्याचा समुद्र. वैतरणा खाडीवर मारंबळपाडा ते जलसार ही रो-रो फेरी 2025 मध्ये सुरू झाल्याने आता महामार्ग टाळून केळवे-माहीमकडे जाता येते.

डोंगरच हवा असेल त्याने वाड्याहून विक्रमगडमार्गे जव्हार गाठावे. भिवंडीपासून हे अंतर सुमारे 90 किलोमीटर भरते. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही एकेकाळची राजधानी साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. वाटेत वाडा कोलमची भातशेती दिसते आणि पुढे साग-पळसाची जंगले. जव्हारचा रस्ता चढाचा असला तरी सरळ मनाचा आहे. किनाऱ्यासारखा फसवत नाही.

खरा लांबचा मार्ग म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग. ही कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. अंतर साधारण 500 किलोमीटर. ‘महामार्ग’ हा शब्द मात्र नकाशापुरताच घ्यावा. बहुतेक ठिकाणी तो नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा एकपदरी किंवा जेमतेम दुपदरी रस्ता आहे, आणि सायकलसाठी तेच त्याचे भाग्य. मालवाहतूक मुंबई-गोवा महामार्गाने जाते; इकडे भेटतात एसटी, रिक्षा आणि मासळीचे टेम्पो.

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो 2020 मध्ये सुरू झाली. तिच्यातून तासाभरात पलीकडे पोचले की अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशिद, मुरूड असा पहिला टप्पा. अलिबाग ते मुरूड सुमारे 50 किलोमीटर आहे आणि नवख्याला पाय जोखायला तो योग्य. मुरूडच्या पुढे आगरदांड्याला राजपुरीची खाडी आडवी येते आणि तरींचा, म्हणजे फेरीबोटींचा, सिलसिला सुरू होतो. आगरदांडा-दिघी, हरिहरेश्वरजवळ बागमांडला-वेश्वी, मग दाभोळ-धोपावे आणि शेवटी तवसाळ-जयगड. या तरींना कोकणात सरसकट जंगलजेटी म्हणतात. गाड्या, माणसे, बकऱ्या, सायकली, सगळे एकाच फळीवरून आत जाते.

तर चुकली तर काय होते, याचे उत्तर दाभोळला मिळते. वाशिष्ठीचे मुख ओलांडायला थोडी मिनिटे लागतात. तर न घेता दापोलीहून गुहागरला जायचे तर खेड-चिपळूणचा शंभरहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. सायकलवर तो आख्खा दिवस खातो. म्हणून या मार्गाचे वेळापत्रक मुक्कामांवरून न आखता तरींच्या वेळांवरून आखावे लागते. शेवटची तर किती वाजता सुटते हे आदल्या दिवशीच फोन करून विचारलेले बरे. भरती-ओहोटीचाही हिशेब असतो. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरपर्यंत वरखाली होते आणि गाळ साचलेल्या रेवससारख्या धक्क्यावर ओहोटीला लाँच अडखळतात. दक्षिणेला हा फरक कमी होत जातो. खाड्यांवर मोठ्या पुलांची कामे आता हाती घेण्यात आली आहेत. ती पुरी झाली की वळसे वाचतील, वाहनेही वाढतील. सायकलवर निघायचे असेल तर तरी चालू आहेत तोवरच निघावे, हे उत्तम.

दापोली तालुक्यात केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड (हे दापोलीचे), लाडघर, कोळथरे अशी गावे ओळीने येतात आणि याच भागात मार्ग सर्वांत खडतर आहे. दापोली गाव अडीचशे मीटरच्या आसपास, किनारा पायाशी. जितक्या वेळा आत जाल तितक्या वेळा चढाल. धोपाव्यानंतर गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. जयगडपासून मालगुंड (कवी केशवसुतांचे गाव) आणि गणपतीपुळे. पुळ्याहून रत्नागिरीला येताना आरे-वारेचा रस्ता कड्याच्या अंगावरून जातो. फोटोंमध्ये तो जितका सुंदर दिसतो, तितकाच त्याचा चढ तिरपा आहे.

रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे आणि रेडी. मालवणनंतर चढ सौम्य होतात.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवण्याला कारण आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर किनाऱ्यावर वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीवर मिळतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दमट उकाडा सायकलपेक्षा जड होतो. कोकम सरबतात मीठ घालून प्यायची तिथली रीत तेव्हा कामाची. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, जांभ्यावर शेवाळ धरते आणि उतार घसरडे होतात. मागच्या चाकावर 32 किंवा 34 दात्यांचा मोठा गिअर आणि 28 ते 32 मिलिमीटरचे टायर असावेत. ब्रेक पॅडची जास्तीची जोडी जवळ ठेवावी, कारण धक्क्याकडचे उतार बहुधा वळणावर संपतात आणि तिथे वाळू किंवा मासळीचे पाणी सांडलेले असते. सायकलच्या सुट्या भागांची चांगली दुकाने रत्नागिरी, चिपळूणसारख्या मोठ्या गावांतच. मधल्या वाड्यांत पंक्चर स्वतःच काढावे लागते.

रेडीच्या पुढे तेरेखोल नदी लागते. पलीकडे गोव्यातले केरी, आणि तिथेही तरच. परत यायचे तर सावंतवाडीहून दिव्याला जाणारी कोकण रेल्वेची गाडी आहे; दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड हे स्थानक असल्याने गाडी बदलून घरापर्यंत पोचता येते. सायकल सामानडब्यात टाकायला स्थानकावर आधी नोंदणी करावी लागते. काहीजण गाडी न घेता दाणोलीवरून आंबोलीचा घाट चढून बेळगाव किंवा कोल्हापूरकडे जातात. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. तिथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळा संपल्यावरही सकाळी धुके उतरते, म्हणून पुढे-मागे दिवे लावूनच तो घाट चढायचा असतो.