गाणे आयुष्यभर ऐकायचे, तर कान जपा

आवडत्या गायकाचा किंवा बँडचा कार्यक्रम ठरला, की चाहत्याचा सगळा महिना त्या एका तारखेभोवती फिरतो. वाटूर फाट्यावर चार पोरे जमतात. कुणाची मोटारसायकल, कुणाचे पेट्रोल असे जुळवून जालन्याच्या नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागतात. तिथे गर्दीतून वाट काढत थेट स्पीकरला खेटून उभे राहायचे, प्रत्येक ओळ गायकाच्या बरोबरीने म्हणायची आणि पहाटे घरी येऊन सांगायचे, "अजून कानात गाणं वाजतंय!"

कानात जे वाजते ते नेहमी गाणेच असते असे नाही. पुष्कळदा ती कानाला इजा झाल्याची खूण असते. ही इजा कशी होते आणि ती टाळून कार्यक्रमाचा आनंद कसा घ्यायचा, ते या वेळी पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे लिखाण गाण्याच्या विरोधात नाही. आपल्याकडे गाणे ही नुसती करमणूक कधीच नव्हती. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या आज्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला तो भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी. आता वाद्ये बदलली. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' हा बौद्ध रॉक बँड उभा केला. चेन्नईत 2018 च्या जानेवारीत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने पहिला कार्यक्रम केला आणि वस्तीतली लोकगाणी, रॅप आणि रॉक एकाच मंचावर आणले. ढोलकीच्या जागी ड्रम आला, यात वाईट काही नाही. फक्त जलशात शब्द ऐकू यावेत म्हणून लोक पुढे सरकून बसत. आज स्पीकरच्या भिंतीपुढे उभे राहिले, की शब्दच ऐकू येत नाहीत, नुसती छाती धडधडते.

कानात होते काय?

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात हजारो सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची लाट आली, की त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. उभ्या ज्वारीवरून वारा गेला, की ताटे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात, तसेच हे आहे. पण वादळ आले, की ज्वारी आडवी पडते. रात्रभराच्या दणदणाटानंतर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, बारीक शिट्टी किंवा गुंई ऐकू येते, ती अशी आडवी पडलेली ज्वारी. विश्रांती मिळाली तर बरेचदा एक-दोन दिवसांत ती सावरते. पुन्हा पुन्हा वादळ आले, तर मात्र पेशी मरतात. शेतात पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येते. माणसाच्या कानात दुबार पेरणी नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे 60 डेसिबल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तास ऐकला तरी चालतो. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 90 डेसिबलला आठवड्याचे 4 तास आणि 100 डेसिबलला जेमतेम 20 मिनिटे. मोठ्या स्पीकरजवळ आवाज 100 च्या पुढे सहज जातो. म्हणजे पहिली चार-पाच गाणी संपेपर्यंत आठवड्याचा सगळा वाटा संपलेला असतो.

आपल्यातल्या अनेकांचा हा वाटा कार्यक्रमाला जाण्याआधीच खर्च झालेला असतो. जालन्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळी करणारा, दिवसभर ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्रावर असणारा माणूस तेच कान घेऊन रात्री कार्यक्रमाला जातो. त्याने इतरांपेक्षा जास्त जपायला हवे.

मोठ्या कलावंतांनाही हे चुकलेले नाही. इंग्लंडच्या 'द हू' या बँडची 1976 साली गिनेस बुकात सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली होती. त्याच बँडच्या पीट टाउनशेंड यांची ऐकण्याची शक्ती पुढे कमी झाली. त्यांनी मुख्य दोष हेडफोनला दिला. गिनेसने तो विक्रम नोंदवणेच नंतर बंद केले, कारण त्यापायी लोकांचे कान जातील. 2025 च्या जानेवारीत नवी मुंबईत गाऊन गेलेले 'कोल्डप्ले'चे ख्रिस मार्टिन यांनाही कानात सतत आवाज येण्याचा त्रास आहे. ते कानाला संरक्षण लावूनच गातात. गाणारा कान झाकून गातो आणि ऐकणारा उघड्या कानाने स्पीकरला चिकटतो, हे उलटेच झाले.

कार्यक्रमाला जाताना

• मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते खिशात ठेवा. बोटांनी वळून बारीक करा, कानाची पाळी वर आणि मागे ओढून आत बसवा, फुगेपर्यंत धरून ठेवा. गाणे ऐकू येतेच, मारा कमी होतो. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही.
• स्पीकरपासून लांब उभे राहा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. हातभर अंतरावरच्या मित्राशी ओरडून बोलावे लागत असेल, तर जागा बदला.
• तासाभराने दहा-पंधरा मिनिटे बाहेर शांत जागी या, पाणी प्या. एप्रिलच्या उन्हाळ्यात हे दुहेरी गरजेचे आहे.
• तान्ह्या बाळाला स्पीकरजवळ नेऊ नका. त्याला "कान दुखतो" असे सांगता येत नाही.
• परतताना कानात हेडफोन घालू नका. झोप येत असेल तर गाडी बाजूला घ्या, उजाडल्यावर निघा.

डॉक्टरकडे कधी?

दोन दिवसांनंतरही कानात आवाज येत असेल, दडे सुटत नसतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीत जाता येईल. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर एक दिवसही थांबू नका. त्यावरचे औषध लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची आशा असते. कानात गरम तेल ओतू नका, काडी घालू नका.

जयंती मंडळांसाठी

ध्वनी प्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो. वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त 15, मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असते. हा नियम सगळ्यांच्या मिरवणुकीला सारखा आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लावला जावा, हे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण नियम बाजूला ठेवला, तरी स्पीकरच्या भिंतीसमोर जी घरे आहेत ती आपलीच आहेत. त्यात दम्याचा म्हातारा आहे, बाळंतीण आहे, दहावीची मुलगी आहे. मंडळाने स्पीकरची तोंडे घरांकडून वळवली, पुढे दोरी बांधून थोडी जागा मोकळी सोडली आणि वर्गणीतून दोन-चार डबे इअरप्लग आणले, तर खर्च फार वाढत नाही.

भगवान बुद्धांनी सोण या भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. तो उपदेश साधनेविषयी होता, पण आपल्या कार्यक्रमांनाही तो लागू पडतो. आवाज इतकाच असावा, की वामनदादांचा शब्द शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळेल आणि पहिल्या रांगेतल्या नातवाला तो साठाव्या वर्षीही ऐकू येईल.

जयभीम. नमो बुद्धाय.