अठ्ठावीस गुणांचा हिशेब

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं २८ गुण केले आणि प्रो कबड्डीचा चषक उचलला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामन्यात पुन्हा २८ गुणच केले, पण या वेळी चषक दबंग दिल्लीनं नेला. पहिल्या वेळी समोरच्या हरियाणाचे २५ झाले होते, दुसऱ्या वेळी दिल्लीचे ३१. दोन्हीकडं फरक तीनच गुणांचा. पहिल्या रात्री कळंबात आमच्या दुकानासमोर लड लागली होती. दुसऱ्या रात्री शेवटची शिट्टी वाजली तशी माणसं उठली, चपला शोधल्या आणि 'गेला हंगाम पाण्यात' म्हणत घरी गेली.

मला मात्र तो हंगाम पाण्यात गेला असं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगतो.

ढोकी रस्त्याला माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे प्रवेशअर्ज, सगळं इथंच होतं. सर्व्हर बंद पडला की गिऱ्हाईक बसून राहतं, म्हणून भिंतीवर टीव्ही लावलेला. कबड्डीच्या दिवसांत सर्व्हर चालू असला तरी माणसं बसून राहतात. 'तुम्ही मराठवाड्याचे, मग पुण्यामागं का?' असं एकानं विचारलं होतं. अहो, आमच्या गल्लीतली अर्धी पोरं हडपसरला नाहीतर चाकणला कामाला. संभाजीनगरचा संघ असता तर गोष्ट वेगळी. नाही ना, मग पुणंच आपलं.

ज्यांनी पलटणचा प्रवास पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि पुणं आठवं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आठवं. तेव्हा पुणं हरलं तर कुणाला वाईट वाटायचं नाही. हरणार हे धरूनच टीव्ही लावायचा, आणि एखादा सामना जिंकलाच तर तेवढाच आनंद. पुढं २०१६ च्या दोन्ही हंगामांत तिसरा क्रमांक आला. मग चढउतार सुरू झाले, सातव्या हंगामात तर बारा संघांत दहावे. मोठ्या नावांमागं धावण्यापेक्षा तरुण पोरं हाताशी धरून तयार करायची, असा मार्ग संघानं धरला. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही त्यातली नावं. डिसेंबर २०२२ ला मुंबईत पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली आणि जयपूरकडून ३३-२९ नं हरले. त्या रात्री आमच्याकडं कुणी रागावलं नव्हतं. उलट 'पोरं लई पुढं आली' म्हणत चहा झाला होता.

त्यानंतर आला दहावा हंगाम. इराणचा मोहम्मदरेझा शादलू २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. साखळीत २२ सामने झाले, त्यातले १७ जिंकले, ३ बरोबरीत सुटले, फक्त २ हरले. गुण ९६. अंतिम सामन्यात पंकज मोहितेनं एका चढाईत चार गडी टिपले आणि बघणाऱ्यांच्या जिवात जीव आला. दहा वर्षांनी चषक पुण्याला आला.

पंचाईत तिथूनच सुरू झाली. अकराव्या हंगामात शादलू हरियाणाकडं गेला. कर्णधार अस्लम दुखापतीनं हंगाम अर्धा असतानाच बाहेर बसला, आणि गतविजेता संघ आठव्या क्रमांकावर घसरला. त्यावर कडी म्हणजे अंतिम सामना पुण्यात, बालेवाडीला होता. पुण्याच्या घरच्या मैदानावर शादलूनं हरियाणाचा पहिला चषक उचलला. लेकाचं लग्न दुसऱ्याच्या मांडवात बघावं, तशी आमची गत झाली होती.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण हंगाम जमला की फसला हे ठरवायची रीत मी तिथंच शिकलो. पीकविम्यात 'उंबरठा उत्पादन' असतं. मंडळातल्या मागच्या सात वर्षांच्या उत्पादनाचे आकडे घ्यायचे, त्यातली सगळ्यात चांगली पाच वर्षं ठेवायची, वाईट दोन सोडून द्यायची. राहिलेल्या पाचांची सरासरी काढायची आणि तिचे सत्तर टक्के धरायचे. यंदाचं उत्पादन त्या आकड्याच्या खाली आलं तर नुकसान झालं असं धरतात. वर असेल तर नाही. शेतकरी काउंटरवर विचारतो, 'गेल्या सालापेक्षा निम्मंच झालंय की!' त्याला समजावून सांगावं लागतं, की अण्णा, तुलना गेल्या सालाशी नसते, उंबरठ्याशी असते. चांगली वर्षं लागोपाठ आली की उंबरठाही वर चढतो.

कबड्डी बघणाऱ्याच्या डोक्यातही हाच हिशेब चालतो, फक्त अर्धाच. वाईट दोन वर्षं सोडून द्यायचं त्याला बरोबर जमतं. दहावा क्रमांक आज आमच्या दुकानात कुणाला आठवत नाही. सत्तर टक्क्यांची सवलत द्यायची मात्र तो विसरतो. सगळ्यात चांगलं एक वर्ष घेतो आणि तोच उंबरठा धरून बसतो. मग पुढची सगळी वर्षं नुकसानीचीच निघतात.

बाराव्या हंगामासाठी पुण्याचा उंबरठा मीच एकदा कागदावर काढला. मागचे सात हंगाम म्हणजे पाचवा ते अकरावा. त्यात एकदा विजेते, एकदा उपविजेते, दोनदा प्ले-ऑफमध्ये जाऊन बाद, आणि तीनदा प्ले-ऑफ हुकलेलं. हुकलेल्या तिनांतले दोन हंगाम सोडले तरी पाचांची सरासरी प्ले-ऑफ गाठून एखाद्या सामन्यात घरी येण्याच्या आसपासच बसते. त्याचे सत्तर टक्के धरा. त्या मापानं २०२५ चं पीक भरघोसच.

आणि होतंही तसंच. अजय ठाकूर प्रशिक्षक झाला. साखळीत प्रत्येकाचे १८ सामने. बरोबरी हा प्रकारच त्या वर्षी काढून टाकला होता. सामना बरोबरीत संपला की पाच-पाच चढायांचा टायब्रेकर. बारांतले आठ संघ पुढं जाणार, म्हणजे पुढं जाणं आधीपेक्षा सोपं. म्हणून नुसतं 'प्ले-ऑफ गाठलं' एवढ्यावर त्या वर्षी कुणाला यश मिळालं म्हणू नये. पण पुणं २६ गुणांसह पहिलं आलं. पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीशी ३४-३४ झाले, टायब्रेकरमध्ये हरलं. तरी दुसऱ्या क्वालिफायरमध्ये तेलुगू टायटन्सला ५०-४५ नं काढलं, आणि त्यात आदित्य शिंदे या पोरानं असा खेळ केला की आमच्या दुकानात फॉर्मवर शिक्का मारायचं भान राहिलं नाही. अंतिम सामन्यातही पुणं शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजलं. शेवटी आदित्यची पकड फझल अत्राचलीनं केली. हाच फझल २०२२ ला पुण्याचा कर्णधार होता. कोपऱ्यात उभा राहून गडी कधी वळणार हे त्याला अनुभवानं कळतं, आणि ते कळायला पुण्याच्या पोरांना अजून काही हंगाम लागणार.

त्याच दिवसांत बाहेर काय चाललं होतं तेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं धाराशिव जिल्हा धुऊन काढला. भूम-परांड्याकडं तर गावंच्या गावं पाण्यात. आमच्याकडं मांजरेकाठचं सोयाबीन उभं कुजलं, काही ठिकाणी माती खरवडून गेली. दिवसभर नुकसानीचे कागद, आधार, बँक पासबुकं, आणि सात वाजले की तीच माणसं कबड्डीला. ज्याचं खरं पीक गेलं होतं तो माणूस पुणं हरल्यावर 'हंगाम गेला' म्हणाला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग कळलं, की ज्याचं नुकसान मोजायला तलाठी येणार नाही असं दुःख माणूस मोकळेपणानं करतो. म्हणून त्या रात्री मी कुणाशी वाद घातला नाही. वाद दुसऱ्या दिवशी घातला.

वादात तीन बाजू होत्या. आडतीवरचे मुनीम म्हणाले, 'पट्टी शेवटच्या भावाची होते. वर्षभर भाव तेजीत होता म्हणून कुणी जास्त पैसे देतंय का?' त्यांचं म्हणणं, चषक नाही तर काही नाही. निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्यांनी आयुष्यभर पोरांना मातीवर खेळवलं, ते म्हणाले, 'तिसरी चढाई बघा.' लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. त्या दडपणात पोरगं काय करतं, यावरून सर हंगाम तोलतात, आणि त्यांच्या मते पुण्याची पोरं तिथं पिकली. तिसरा माझा पुतण्या. त्याला पुढच्या वर्षीची काळजी. संघ टिकणार का, लिलावात फुटणार का? शादलू गेला तसे दोघं-तिघं गेले की पुन्हा आठवा नंबर.

मला तिघांचंही थोडं पटतं. पण अपेक्षा कशी वाढते आणि माणसाला कुठं नेऊन ठेवते, हे बघायचं तर आपल्याच राज्यातलं क्रिकेट बघा. २०१३-१४ ला महाराष्ट्राचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात कर्नाटककडून हरला. महाराष्ट्रानं शेवटचा रणजी करंडक जिंकला तो १९४०-४१ ला. त्यामुळं त्या हरण्यातही कौतुकच होतं, त्याच हंगामात वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवलं ही गोष्ट लोक अजून सांगतात, केदार जाधवच्या हजारावर धावा सांगतात. २०२१-२२ ला मुंबई अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाकडून हरली. निकाल तोच, उपविजेते. पण चाळिसावर करंडक ठेवणाऱ्या मुंबईत ते अपयश धरलं गेलं. पुढं २०२३-२४ ला विदर्भाला हरवून बेचाळिसावा करंडक आणला तेव्हा कुठं आठ वर्षांचा उपवास सुटला, असंच सगळे बोलत होते. विदर्भाचं बघा: २०१७-१८ च्या आधी त्यांना अंतिम फेरी म्हणजे स्वप्न होतं. दोनदा लागोपाठ जिंकले आणि आता नागपूरकर उपविजेतेपदावर तोंड वाकडं करतात.

आमच्या धाराशिवला ही गोष्ट खो-खोमुळं आधीपासून ठाऊक आहे. इथल्या सारिका काळेनं भारताचं नेतृत्व केलं, २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. तेव्हापासून इथली पोरगी रौप्यपदक घेऊन आली तर लोक आधी विचारतात, 'सोनं का नाही?' जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अंतिम सामन्यात नेपाळला मुलींनी ७८-४० नं आणि मुलांनी ५४-३६ नं हरवलं. आनंद झालाच, पण त्यात 'होणारच होतं' असा सूर होता. अपेक्षेनं जिंकण्याची चवसुद्धा थोडी कमी केली.

परदेशातही वेगळं नाही. माझा मावसभाऊ टोरांटोला असतो, तिथं बेसबॉलचं वेड. वर्षात एका संघाचे १६२ सामने. त्यांचा ब्लू जेज संघ २०२४ ला आपल्या गटात शेवटचा होता. २०२५ ला ९४ सामने जिंकून गटात पहिला आला आणि थेट अजिंक्यपदाच्या मालिकेत पोचला. आमची कबड्डी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, त्यांचा सातवा, निकालाचा सामना. जिंकायला दोनच गडी बाद करायचे राहिले होते, तेवढ्यात लॉस एंजेलिसनं बरोबरी साधली आणि जादा डावात ५-४ नं घेऊन गेले. १९९३ नंतरचा चषक हातातोंडाशी येऊन गेला. भाऊ फोनवर म्हणाला, 'मार्च महिन्यात कुणी सांगितलं असतं की इथवर जाऊ, तर आम्ही नाचलो असतो. आता झोप लागेना.' कळंबचा माणूस आणि टोरांटोचा माणूस एकाच आठवड्यात एकच वाक्य बोलत होते.

म्हणून पुढच्या हंगामासाठी दुकानात मी एक नियम घातलाय. पहिला सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं आपला उंबरठा वहीत लिहायचा. कुणी 'चषक' लिहावं, कुणी 'पहिले चार', कुणी 'दोन नवी पोरं तयार व्हावीत'. नंतर आकडा बदलायचा नाही, आणि शेवटच्या दिवशी निकाल त्याच आकड्यानं द्यायचा. मुनीमजींनी अर्थातच 'चषक' लिहीन म्हणून सांगितलंय. सर म्हणाले, तिसऱ्या चढाईतले गुण मोजायला एक वेगळी वही लागेल. मी लिहिणार आहे 'पहिले चार'. त्यापुढं जे मिळेल त्याचे पेढे माझ्याकडून. २०२५ चा हंगाम याच मापानं मोजायचा तर पेढ्यांची उधारी माझ्याकडं आजही बाकी आहे, आणि ती मी मुनीमजींच्या नाकावर टिच्चून फेडणार आहे.